पास झाला की हा नापास!

अमेरिकन फुटबॉलमधली सगळ्यात थँकलेस नोकरी कोणती? मैदानात सगळ्यात मागे उभं राहायची. त्या नोकरीवरच्या एका पोराला मीही मनसोक्त शिव्या दिल्या. मग मंगळवार उजाडला...

दहा सेकंद उरले होते. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली आणि आत तेरा माणसं एका टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेली. बारा जणांच्या अंगावर जांभळा रंग, एकाच्या अंगावर काळा-सोनेरी.

तारीख १४ जानेवारी २०१८, रविवार. गाव मिनिआपोलिस. ऑनसाइट येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. डोंबिवलीच्या मुलीला अमेरिकन फुटबॉल कशाशी खातात हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण ऑफिसमध्ये सोमवार ते शुक्रवार सगळे फक्त व्हायकिंग्जबद्दल बोलत असतील, तर माणूस हवापाण्याच्या गप्पांवर किती दिवस काढणार? म्हणून मी नियम पाठ केले, जांभळी टोपी घेतली, डोक्यावर हात नेऊन टाळी वाजवत 'स्कोल' असं ओरडायला शिकले आणि गँगमध्ये सामील झाले.

सामना होता मिनेसोटा व्हायकिंग्ज विरुद्ध न्यू ऑर्लिन्स सेंट्स. हरेल त्याचा सीझन खल्लास. हाफटाइमला आम्ही १७-० पुढे. मग सेंट्सनी असा काही कमबॅक केला की २५ सेकंद उरली असताना तेच २४-२३ पुढे! आता फक्त १० सेकंद, समोर ६१ यार्ड आणि आमच्याकडे टाइमआउट एकही नाही. घरातला एक जण तर बूट घालायलाही लागला होता.

व्हायकिंग्जच्या केस कीनमनं उजव्या कडेला उंच चेंडू फेकला. स्टेफॉन डिग्जनं हवेत झेप घेऊन तो पकडला. सेंट्सचा सेफ्टी मार्कस विल्यम्स त्याला पाडायला धावत आला, मान खाली घालून सूर मारला आणि... डिग्जच्या खालून निघून गेला. वर जाता जाता त्यानं आपल्याच टीमच्या केन क्रॉलीला आडवं केलं. डिग्जनं एक हात जमिनीला टेकवून तोल सावरला, वळून बघतो तर समोर मैदान रिकामं. पठ्ठ्या सुसाट सुटला. टचडाउन! वेळ संपली. २९-२४.

पुढचा दंगा काय सांगू! मी सोफ्यावर चढले होते. "इतका सोपा टॅकल? माझ्या आजीनं पाडला असता त्याला!" हे मी इंग्रजीत ओरडले आणि पब्लिकला जाम आवडलं. मग दर रीप्लेला फर्माइश. मीही दर वेळी नवीन मीठमसाला लावून तेच ऐकवलं.

काळ्या-सोनेरी जर्सीवाला गप्प होता. आमच्याच मजल्यावरचा, पन्नाशीचा डेव्हलपर, मूळचा न्यू ऑर्लिन्सचा. शनिवारी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला कोच म्हणायचे. कोट चढवता चढवता दारात त्यानं मला एवढंच विचारलं, "चेंडू फेकला तेव्हा विल्यम्स कुठे उभा होता, बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या वीकेण्डला मी शिव्या घालायच्या फॉर्मातच होते. शुक्रवारी आमच्या रिलीजमध्ये घोळ झाला होता. ग्राहकांना ऑर्डरचा एकच कन्फर्मेशन मेल दोन-दोनदा गेला. क्लायंट भडकला. मी टेस्ट लीड. तो भाग तपासायचं काम पुण्याच्या ऑफशोअर टीममधल्या एका ज्युनिअरकडे होतं. वय २२, नोकरीला सात महिने. मी त्याला मेल ठोकला, 'ही टेस्ट केस तुझ्या नावावर होती. इतकी साधी गोष्ट सुटलीच कशी?' सीसीमध्ये चौदा माणसं. सेंड केल्यावर कसं हलकं हलकं वाटलं होतं!

उलटं पळणारी माणसं

आधी थोडा अभ्यास. हेल्मेट घालून केलेली मारामारी म्हणजे अमेरिकन फुटबॉल, असं ज्यांना वाटतं (मलाही वाटायचं) त्यांच्यासाठी.

अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न. त्यांचा हिरो क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो. त्याचे लाडके रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतात. समोरच्या टीमचे धिप्पाड पहाड पुढे असतात, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि सगळ्यात मागे आपले आजचे कथानायक, डिफेन्सिव बॅक. त्यातला कॉर्नरबॅक कडेला, रिसीव्हरच्या समोर उभा राहतो. सेफ्टी त्याच्याही मागे. म्हणजे शेवटची भिंत. आपल्या कबड्डीतला कोपरा आठवा. त्याची पकड चुकली की चढाईवाला सुटला. फक्त कबड्डीत मदतीला आजूबाजूला माणसं असतात. इथे मागे नुसतं मोकळं रान.

आता या माणसाचा जॉब प्रोफाइल बघा. समोरच्या रिसीव्हरला माहीत असतं की आपण बारा यार्ड पळून डावीकडे वळणार आहोत. कॉर्नरबॅकला ते माहीत नसतं. त्यानं त्याच्याकडे तोंड करून उलटं पळायचं, त्याच्या कमरेवर नजर ठेवायची, तो वळला की क्षणात स्वतः गर्रकन वळायचं आणि जगातल्या सगळ्यात वेगवान माणसांपैकी एकाला गाठायचं. तेही चेंडूकडे पाठ असताना.

बरं, हात लावायची सोय नाही! १९७८ मध्ये एनएफएलनं नियम केला की पहिल्या पाच यार्डांतच रिसीव्हरला ढकलता येईल, त्यापुढे नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट रिसीव्हरची अशी काही दमछाक करायचा की हा नियम त्याच्याच नावानं ओळखला गेला. पुढे नियम हळूहळू सैल झाला. मग २००४ मध्ये लीगनं पंचांना तो पुन्हा कडक लावायला सांगितला. त्याच सीझनमध्ये पेटन मॅनिंगनं ४९ टचडाउन पास टाकून तेव्हाचा विक्रम केला. प्रेक्षक खूश, टीव्हीवाले खूश. कॉर्नरबॅकला कुणी विचारलं नाही.

थोडक्यात, हा खेळ लोकांना आवडावा म्हणून मुद्दाम असा रचलाय की या माणसानं अधूनमधून हरावं. आणि तो हरला की आपण म्हणायचं, "याला ठेवलाय कशाला?"

कॅमेऱ्याला दिसेल ते पाप

मजा म्हणजे तो जिंकतो तेव्हा आपल्याला दिसतच नाही. टीव्हीचा मुख्य कॅमेरा असतो क्वार्टरबॅकवर. चेंडू हातात आला की फ्रेममध्ये तो आणि त्याच्या आजूबाजूची झोंबाझोंबी. कडेला आणि मागे काय चाललंय ते फ्रेमच्या बाहेर. कॉर्नरबॅकनं रिसीव्हरला असं जखडून ठेवलं की क्वार्टरबॅकनं तिकडे चेंडू टाकलाच नाही, तर कॅमेरा तिकडे वळत नाही. म्हणजे काम चोख झालं की माणूस स्क्रीनवर गैरहजर! तो दिसतो फक्त चेंडू त्याच्या डोक्यावरून जाताना.

आपल्या विकेटकीपरसारखंच. दिवसभर शंभर चेंडू निमूट गोळा केले तर कोण बघतं? एक स्टम्पिंग सुटलं की संध्याकाळी घराघरात चर्चा.

त्यात फॅण्टसी लीगची भर. आमच्या ऑफिसातही होती. तुमच्या रिसीव्हरनं यार्ड काढले की तुम्हाला पॉइंट. बहुतेक लीगमध्ये बचावासाठी अख्खी टीम एकच, सुटा कॉर्नरबॅक निवडायची सोयच नसते. म्हणजे चाहत्याच्या हिशेबात हा माणूस एक तर अडथळा, नाही तर विनोद. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं राज्याराज्यांत सट्ट्याला मोकळीक मिळाली आणि मग तर शिव्यांना पैशांची धारही आली.

पूर्ण मैदान दाखवणारं चित्रीकरण असतं. बावीसच्या बावीस खेळाडू एका फ्रेममध्ये. पूर्वी ते फक्त कोच लोकांना मिळायचं. २०१२ पासून पैसे भरून चाहत्यांनाही मिळायला लागलं. आमच्या गँगमधल्या किती जणांनी ते बघितलं असेल? कोच सोडला तर शून्य.

सोफ्यावरचे पाच डायलॉग

*"त्याला मोकळा सोडलाच कसा?"* अनेकदा प्रत्येकाला माणूस नाही, जागा राखायची असते. कॉर्नरबॅक आपल्या हद्दीपर्यंत रिसीव्हरला सोबत करतो आणि पुढे सेफ्टीच्या हवाली करतो. सेफ्टी पोहोचला नाही तर स्क्रीनवर शेजारी दिसतो तो कॉर्नरबॅक. फासावर तोच.

*"इतका मागे काय उभा राहिलाय?"* वरून ऑर्डर असते. शेवटच्या मिनिटांत छोटे पास द्यायचे, मोठा द्यायचा नाही.

*"वळून चेंडू बघ ना!"* वळण्यात पाऊल जातं. रिसीव्हरच्या बरोबरीनं पळत असाल तर वळा. मागे पडला असाल तर त्याचे हात बघा, हे शाळेपासून शिकवतात.

*"इंटरसेप्शन किती? एक?"* ओकलंड रेडर्सच्या नामदी असोमुघानं २००६ च्या सीझनमध्ये आठ वेळा समोरच्यांचा पास पळवला. पुढच्या वर्षी फक्त एकदा. तो बिघडला नव्हता. त्याच्या दिशेनं चेंडू टाकायची हिंमतच लोक करेनात.

*"पेनल्टी कशाला केलीस?"* टचडाउन जाणार हे नक्की दिसत असेल तर जर्सी ओढणं कधीकधी स्वस्त पडतं. हा हिशेब तो अर्ध्या सेकंदात करतो. आपण चिप्स खात, तीन रीप्ले बघून.

व्हाइटबोर्डवरचे दहा सेकंद

सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी. मंगळवारी लंचला मी कोचसमोर जाऊन बसले. जरा ओशाळूनच. तो उठला, मीटिंग रूममध्ये गेला आणि व्हाइटबोर्डवर मैदान काढलं.

"व्हायकिंग्जना टचडाउनची गरजच नव्हती," तो म्हणाला. "पंचवीस-तीस यार्ड आणि एक किक, बस्स. त्यांच्या किकरनं थोड्या वेळापूर्वीच ५३ यार्डांवरून मारली होती. टाइमआउट नव्हता, म्हणून चेंडू पकडून रेषेबाहेर उडी मारणं हा एकच रस्ता. आता तू विल्यम्स आहेस. तू मागून धावत येतेयस. चेंडू अजून हवेत आहे. तू डिग्जला चेंडू पोहोचायच्या आधी धडकलीस तर?"

"पेनल्टी."

"कुठे?"

इथे माझी ट्यूब पेटली. या लीगमध्ये असा फाऊल झाला की चेंडू फाऊल झाला तिथे ठेवतात. म्हणजे व्हायकिंग्जना न झेललेल्या पासचे सगळे यार्ड फुकट, घड्याळ थांबलेलं आणि किक मारायला मोकळे. विल्यम्सला नेमकी हीच भीती होती. लवकर धडकायचं नाही म्हणून त्यानं अंग चोरलं, खाली वाकला आणि हुकला.

"म्हणजे त्याची चूक नव्हती?" मी.

"चूक त्याचीच," कोच शांतपणे म्हणाला. "उभं राहून नुसता मिठीत घेतला असता तरी वेळ संपली असती. हे त्यालाही माहीत आहे. पण तू ओरडलीस की तो मूर्ख आहे. तो मूर्ख नव्हता, घाबरला होता. आणि बरोबर गोष्टीला घाबरला होता. २१ वर्षांचा आहे तो."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी टीव्हीवर बघूनही विसरले होते. सेंट्स पिछाडीवर असताना कीनमचा पास पळवून कमबॅकला हात देणारा खेळाडू कोण? हाच मार्कस विल्यम्स. ते इंटरसेप्शन नसतं तर शेवटच्या दहा सेकंदांत टेन्शन घ्यायला काही उरलंच नसतं. त्या सामन्यातली त्याची चांगली गोष्ट आणि वाईट गोष्ट तासाभराच्या अंतरावर. जगाला एकच पाठ.

तीन वाजता रिलीजच्या घोळावर मीटिंग होती. कुठे काय चुकलं ते शोधायची. शोधता शोधता निघालं ते असं, की गुरुवारी संध्याकाळी मेल पाठवायच्या भागात शेवटच्या क्षणी बदल झाला होता. तो कळवणारा निरोप फक्त एका व्यक्तीला आला होता. तिनं तो पुण्याला फॉरवर्ड करायचा होता. ती व्यक्ती त्या संध्याकाळी मॉलमध्ये जांभळी टोपी निवडत होती.

त्या ज्युनिअरनं जे तपासायला सांगितलं होतं ते सगळं नीट तपासलं होतं. बदल झाल्याचं त्याला माहीतच नव्हतं. चेंडू फेकला तेव्हा तो कुठे उभा होता, हे मी बघितलं नव्हतं.

मी लगेच त्याला 'सॉरी' लिहिलं. 'इट्स ओके मॅम' असं उत्तर आलं. विषय संपला, असं मला वाटलं.

एक स्टेडियम, दोन कॉर्नर

व्हायकिंग्ज पुढच्याच रविवारी फिलाडेल्फिया ईगल्सकडून ३८-७ असा सपाटून मार खाऊन बाहेर पडले. सुपर बोल मात्र मिनिआपोलिसमध्येच होता, ४ फेब्रुवारी २०१८ ला, त्याच स्टेडियममध्ये. न्यू इंग्लंड पेट्रिअट्स विरुद्ध ईगल्स. आणि पुन्हा चर्चा एका डिफेन्सिव बॅकचीच. पण उलटी.

माल्कम बटलर आठवतो? तीन वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, सिअ‍ॅटल सीहॉक्स एका यार्डावर टचडाउनच्या तयारीत असताना त्यानं पास पळवून सामना खिशात टाकला होता. ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला, कॉलेजच्या दिवसांत फ्राइड चिकनच्या दुकानात काम केलेला मुलगा. त्याची खरी गंमत दोन गोष्टींत आहे. एक, सरावात तो नेमक्या त्याच डावपेचाला फसला होता. दोन, त्या पासच्या काही सेकंद आधी त्याच्याच अंगावर जर्मेन कीर्सनं पडता पडता, चेंडू अंगाखांद्यावर नाचवत एक अफाट कॅच घेतला होता. सामना तिथेच संपला असता, तर बटलरचं नाव आज 'तो कॅच देणारा' एवढंच उरलं असतं.

आणि २०१८ च्या त्या रात्री? सीझनभर जवळजवळ प्रत्येक डाव खेळलेल्या बटलरला कोच बिल बेलिचिकनी बचावात एकदाही मैदानात उतरवलं नाही. ईगल्सच्या निक फोल्सनं ३७३ यार्ड फेकले आणि पेट्रिअट्स ४१-३३ हरले. एरवी 'याला का खेळवता?' म्हणणारं पब्लिक विचारायला लागलं, 'त्याला का नाही खेळवलं?' बेलिचिकनी पूर्ण उत्तर कधीच दिलं नाही. डिफेन्सिव बॅकची किंमत लोकांना कळली, पण तो बाकावर बसल्यावर!

वर्षभरानं, न्यू ऑर्लिन्सला

कोचची परीक्षा अजून संपली नव्हती. २० जानेवारी २०१९. सेंट्स पुन्हा सुपर बोलच्या उंबरठ्यावर, या वेळी घरच्या मैदानात, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध. शेवटच्या दोन मिनिटांत सेंट्सच्या टॉमीली लुइसकडे पास निघाला आणि रॅम्सचा कॉर्नरबॅक निकेल रोबी-कोलमन चेंडू यायच्या कितीतरी आधी त्याला जाऊन आदळला. ढळढळीत फाऊल. पंचांनी झेंडा टाकलाच नाही! रॅम्स जादा वेळेत २६-२३ जिंकले. आपण लवकर धडकलो हे नंतर रोबी-कोलमननंही मान्य केलं. हेल्मेट लागल्याबद्दल लीगनं त्याला २६,७३९ डॉलर दंड केला. या प्रकारानंतर असे फाऊल रीप्लेवर तपासायचा नियम आला, तो फक्त २०१९ चा सीझन टिकला.

आता हे दोन्ही सामने शेजारी ठेवून बघा. विल्यम्सनं लवकर धडकणं टाळलं, त्याचा सीझन संपला. रोबी-कोलमन लवकर धडकला, सुपर बोलला गेला. कुठला डिफेन्सिव बॅक शहाणा आणि कुठला मूर्ख, हे सांगायला सोफ्यावर बसून रिझल्ट माहीत असावा लागतो.

शब्द जपून!

शिव्यांचाही एक इतिहास असतो. या जागांवर खेळणारे बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय. १९ जानेवारी २०१४ ला सीहॉक्सच्या रिचर्ड शर्मननं शेवटचा पास उडवून टीमला सुपर बोलला नेलं आणि मैदानावरच टीव्हीच्या मुलाखतीत समोरच्या रिसीव्हरवर आरडाओरडा केला. झालं! गल्लोगल्ली त्याला 'ठग' म्हणायला लागले. (हा शब्द इंग्रजीत गेलाय तो आपल्याच भाषांतून.) शर्मन होता स्टॅनफर्डचा पदवीधर. त्यानं सरळ विचारलं, मी ना कुणाला मारलं ना शिवी दिली, मग हा शब्द म्हणजे दुसऱ्या एका जुन्या शब्दाची सभ्य आवृत्ती आहे का? त्यावर बऱ्याच जणांना गप्प बसावं लागलं.

आपण तरी कुठे साधू आहोत? १८ एप्रिल १९८६, शारजा, चेतन शर्मा, शेवटचा चेंडू, मियाँदादचा सिक्सर. दीड वर्षानं याच चेतन शर्मानं नागपूरला वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक घेतली. तिन्ही दांड्या उडवून! तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना आधी काय आठवतं.

चाहते वाईटच असतात असं नाही हां. त्याच जानेवारी २०१८ च्या सामन्यात टचडाउननंतर नियमाप्रमाणे एक औपचारिक डाव बाकी होता. हरलेले सेंट्स आत निघून गेले होते. बरगड्या दुखावलेल्या अवस्थेत परत मैदानात आला त्यांचा पंटर थॉमस मॉर्स्टेड. ते बघून व्हायकिंग्जच्या चाहत्यांनी त्याच्या चॅरिटीला देणग्या पाठवायला सुरुवात केली. दोन लाखांहून जास्त डॉलर जमले आणि मॉर्स्टेडनं ते मिनेसोटातल्याच मुलांच्या हॉस्पिटलला दिले. ज्या सोफ्यांवरून शिव्या गेल्या, त्याच सोफ्यांवरून हेही गेलं.

आता दे शिव्या!

मग काय, टीका करायचीच नाही? छे! २७ ऑक्टोबर २०२४ ला कोचचा मला मेसेज आला. मी केव्हाच पुण्यात परतले होते. 'शिकागोचा शेवटचा डाव बघ. कुठे उभा होता ते बघ. मग हव्या तेवढ्या शिव्या दे.'

बघितलं. शिकागो बेअर्स वॉशिंग्टनविरुद्ध १५-१२ पुढे, शेवटचा डाव. बेअर्सचा कॉर्नरबॅक टायरीक स्टीव्हन्सन चक्क स्टँडकडे तोंड करून प्रेक्षकांना डिवचत होता. मागे डाव सुरू झालेला! भान आल्यावर धावला, गर्दीत घुसला, चेंडू त्याच्याच हाताला लागून उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद पडला. वॉशिंग्टन १८-१५. स्टीव्हन्सननं माफी मागितली, पुढच्या सामन्यात त्याला सुरुवातीला बाहेर बसवलं. बेअर्स तिथून सलग दहा सामने हरले.

ही टीका खरी. कारण ती त्यानं काय केलं यावर आहे आणि चेंडू फेकायच्या आधीपासून बघून केलेली आहे. त्याची आई, त्याचा रंग, त्याचं करिअर यात कुठे येत नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तो ज्यांच्याशी हुज्जत घालत होता ते चाहतेच होते.

मार्कस विल्यम्सचं काय झालं? सेंट्सनी त्याला काढलं नाही. तो आणखी चार सीझन तिथेच खेळला. २०२२ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा सात कोटी डॉलरचा करार केला. ज्यांचं काम पूर्ण फिल्म बघायचं, त्यांनी दहा सेकंदांवरून भाव ठरवला नव्हता. पुढे २०२४ मध्ये खेळ उतरल्यावर त्यांनीच त्याला बाकावरही बसवलं. तेही पूर्ण फिल्म बघूनच.

आमच्या ज्युनिअरच्या नशिबात तसं काही नव्हतं. एप्रिल २०१८ च्या अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे माझा तो शुक्रवारचा मेल लावलेला निघाला. साहजिक होतं. शिवी चौदा जणांना गेली होती, सॉरी एकट्या त्याला. मला कळलं तेव्हा मी त्याच चौदा जणांना, तोच मेल उघडून, 'रिप्लाय ऑल' करून लिहिलं की चूक माझी होती आणि निरोप माझ्याकडे पडून होता. तीन महिने उशिरा. त्याचं रेटिंग बदललं नाही. जूनमध्ये त्यानं पेपर टाकले. शेवटच्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "मॅम, तो दुसरा मेल मी जपून ठेवलाय."

मी पहिला जपून ठेवलाय.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पहाटे उठून सुपर बोल बघाल तेव्हा एक डाव तरी क्वार्टरबॅकला विसरा. डाव सुरू व्हायच्या आधी, कॅमेरा जवळ जायच्या आत, कडेला एकटा उभा असलेला गडी शोधा. तो कुठे उभा आहे तेवढं बघून ठेवा. चिप्स नंतर खा. आणि हो, ऑफिसात सीसीमध्ये नावं टाकण्याआधीही हेच करा.